एकेचाळीस कोरे रकाने

माझ्या आईच्या अंगठ्याचा ठसा उठत नसे. शाई लावून कागदावर टेकवला की नुसता काळा गोळा उमटायचा, त्यात एक रेघ नाही. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. बीच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की कातडी जळते. बायका हाताला राख चोळून कामाला बसतात, तरी जळतेच. इतक्या वर्षांत तिच्या बोटांची टोकं गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. रेशनच्या ऑफिसातला कारकून आधी तो गोळा बघायचा, मग आईकडे बघायचा आणि विचारायचा, "ही तूच कशावरून?" याला काय उत्तर देणार? आई पदर नीट करायची आणि उभी राहायची.

बाबा ट्रॉलरवर खलाशी होते. जाळ्याच्या दोरात हात सापडून त्यांची तीन बोटं गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यानंतर ते घरीच. त्यांच्या भरपाईचा एक फॉर्म होता. तो घेऊन आई तालुक्याला गेली की संध्याकाळी तसाच परत आणायची. "अमुक रकाना रिकामा आहे, भरून आणा." एसटीचे हेलपाटे, बुडालेला रोज, आणि हातात तोच फॉर्म. कागद घरात आला की आमचे आवाज आपोआप खाली यायचे. देवाला, सापाला, समुद्राला आम्ही जेवढं भ्यायचो, त्याहून जास्त रिकाम्या रकान्याला भ्यायचो.

मला शाळेत घालायला आई गेली तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख विचारली. आई गप्प. मास्तरांनी परत विचारलं. मग त्यांनी स्वतःच एक जून लिहून टाकलं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती. तीच तारीख माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आली, मग पदवीवर, पासपोर्टवर, आणि आता सिंगापूरच्या माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आहे. दर एक जूनला ऑफिसात माझ्यासाठी केक येतो. मी तो कापते.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. कुणाच्या चिठ्ठीवर मी इथवर आलेले नाही. पुण्यात कॉम्प्युटर शिकले, शब्दकोशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले आणि त्यांच्यातर्फे इथे आले. ऑफिस क्वीन्सटाउनला, घर बुकित बातोकला. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर. मुलगी इथल्या शाळेत. तिचं इथलं राहणं माझ्या पासवर, आणि माझा पास नोकरीवर. नोकरी गेली की महिन्याभरात घर आवरून निघायचं. इथे आपल्यासारख्या सगळ्यांनाच हे ठाऊक असतं. लिटिल इंडियात कोकमं घेताना कुणी ओळखीचं भेटलं, तर तब्येतीआधी विचारतात, "पास कधीपर्यंत आहे?"

माझा पास संपायला दोन महिने उरले होते, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे येक्वाना भाषेचं काम आलं होतं. व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या सीमेवर, ओरिनोकोच्या वरच्या अंगाला जंगलातल्या नद्यांकाठी ही माणसं राहतात. होड्या कोरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही म्हणतात. एका अभ्यासकाने आयुष्यभर त्यांच्या क्रियापदांची कार्डं लिहून ठेवली होती, स्पॅनिशमध्ये, बारीक अक्षरात. त्यावरून तिथल्या शाळेतल्या मुलांसाठी पुस्तक करायचं होतं. स्पॅनिश मला कामापुरतं येत होतं. आधीच्या तीन कामांत शिकून घेतलं होतं. एकेका कार्डावर क्रियापद, त्याचा अर्थ, वापराचं एक वाक्य आणि शेवटी शब्दाचं मूळ. अशी सहाशेच्या आसपास कार्डं. ती मशीनमध्ये घालायचं काम माझ्याकडे होतं.

ते काम मला फार आवडलं, हे कबूल करते. एकदा 'खाणं' या अर्थाची कार्डं एकापाठोपाठ आली. मांस खाणं वेगळं, फळासारखं मऊ खाणं वेगळं, कसाव्याच्या कंदाची भाकरी खाणं वेगळं. मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, बसून आपली क्रियापदं मोजली. चावणं, चघळणं, ओरपणं, भुरकणं, चोखणं. मी येऊन बसले होते कुठे, आणि मनाने आईच्या चुलीपाशी. वाटलं, ही माणसं आपल्यासारखीच आहेत, तोंडात काय आहे त्याला मान देणारी.

अडचण मुळाच्या रकान्याची होती. पुष्कळ कार्डांवर तो कोरा होता. त्या अभ्यासकाला ठाऊक नसेल, किंवा विचारायचं राहिलं असेल. आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना रिकामा राहिला की तिथे लाल चौकोन यायचा. रोज सकाळी संगणक उघडला की ते लाल चौकोन माझ्याकडे बघायचे. ही तूच कशावरून?

आम्हाला शाळेत शिकवलं होतं, कोरं सोडू नका रे, काहीतरी लिहून या, एखादा मार्क पडेल. मी कधीच कोरं सोडलं नाही. त्याच जोरावर पदवीपर्यंत पोचले. काम संपायला आठवडा उरला, माझ्या पासचे कागद आमच्या प्रमुख बाईंच्या टेबलावर सहीसाठी गेले, आणि लाल चौकोन होते तिथेच होते. मग मी लिहायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत पाण्याला 'तुना' म्हणतात. ज्या क्रियापदात 'तुना'सारखं काही दिसलं तिथे मी 'पाण्यावरून' असं ठोकून दिलं. आपल्याकडे पाट्यावर वाटतात, तसं काहीतरी असेल म्हणून कंद किसण्याच्या क्रियापदाचं मूळ मी दगडाला नेऊन भिडवलं. होडीशी दूरचा संबंध वाटला तिथे होडी. आधार काय, असा एक कॉलम होता, त्यात लिहिलं, 'जुनी कार्डं'. दोन दिवसांत सगळे चौकोन हिरवे झाले.

प्रमुख बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्या इथल्याच, चिनी, वयाने माझ्या आईएवढ्या, बोलणं तुटक, वाक्याच्या शेवटी इथला 'लाह'. "वा, सगळं हिरवं! तुझ्यासारखं काम इथे कुणी करत नाही लाह," त्या म्हणाल्या. मी हसले. 

तरी तोवर मला वाटत होतं, पानं तपासायला येक्वाना लोकांकडे जातील तेव्हा पकडतील. त्यांची भाषा आहे, वाचतील, म्हणतील हे काय लिहिलंय, आणि आपण म्हणू, हो का, खोडते. इतकंच.

तिथल्या शाळेचा मास्तर आमच्याशी व्हिडिओवर बोलायचा. बारा तासांचा फरक. आमच्या घड्याळात सकाळचे आठ, त्याच्या घड्याळात संध्याकाळचे आठ. तिशीचा असेल, स्पॅनिश सावकाश बोलायचा माझ्यासाठी. मागे त्याची म्हातारी आई झोपाळ्यात पडलेली असायची. तिला स्पॅनिश येत नव्हतं. त्या सोमवारी तो खुशीत होता.

"तुमची पानं मी छापून वर्गात वाचली," तो म्हणाला. "मुळं मुलांना फार आवडली. हे किसण्याचं, दगडावरून आलेलं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं."

 "तुमच्या म्हाताऱ्या माणसांनी काय म्हटलं?" मी विचारलं.

"आईला विचारलं. ती म्हणाली, मी तर असं कधी ऐकलं नाही. पण शिकलेली माणसं सांगतायत म्हणजे असेल. मुलांनी वहीत उतरवून घेतलं."

शिकलेली माणसं सांगतायत म्हणजे असेल. हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं! प्रत्येक कारकुनापुढून परत येताना, प्रत्येक मास्तरापुढून. आणि आता ते वाक्य जगाच्या त्या टोकाच्या एका म्हातारीने माझ्याबद्दल म्हटलं होतं. पडदा बंद झाल्यावर मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही.  पकडले जाण्याची भीती मला ओळखीची आहे. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवला गेला म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. जुरॉंग ईस्टला गाडी बदलताना मी दोनदा चुकीच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. फोनमध्ये पासची मुदत दिसते, ती दिवसातून दहादा उघडून बघायचे, जणू ती आपोआप पुढे सरकली असेल.  हिशोब साधा होता. गप्प राहिले तर पुस्तक छापलं जाईल, सही होईल, पास वाढेल, मुलीची शाळा राहील. बोलले तर सहीचं काही सांगता येत नाही. आणि छापलं गेल्यावर ते कोण खोडणार? वहीत उतरवून घेतलेली ती मुलं मोठी होतील, आपल्या मुलांना सांगतील. माझी थाप त्यांच्या घरची म्हण होऊन बसेल.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी गृहपाठ करत होती. एक उत्तर तिने कोरं ठेवलं होतं.

"हे का सोडलंस?"

"आय डोन्ट नो लाह, मम्मा."

"डोन्ट नो म्हणजे काय? कोरं सोडायचं नाही! काहीतरी लिही!" माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या आजींनी दार किलकिलं करून बघितलं. मुलीने घाईघाईने सात लिहिले. त्या प्रश्नात सातचा काही संबंध नव्हता. एका पक्ष्याचं नाव विचारलं होतं. लिहून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा निवळला का ते बघायला. तसं बघणं मी ओळखते. मी वर्षानुवर्षं तसंच बघत आले आहे.

मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं, तिला समजेल असं. परक्या माणसांच्या पुस्तकात मी मनाचं लिहिलंय, आणि ते खरं मानतायत.

"कोणाक कळला हा?" आईने विचारलं.

"नाय."

"मगे गप ऱ्हव. पोरीची शाळा आसा. नवरो दर्यार. शाणपणा करू नको."

 मग कुठून सुचलं कोण जाणे, विचारलं, "आये, मी खराच एक जूनाक झालंय काय गो?"

आई हसली. "छ्या! तू थंडयेत झालंस. काजीक मोहर इल्लो. मास्तरान इचारल्यान, माका तारीख येय नाय, त्यानच लिवल्यान."

"मगे तू सांगलंस नाय कित्याक?"

"भियालंय. शाळेत घेतल्यान नाय तर? आणि एकदा लिवला काय कोण खोडता गो?"

फोन ठेवल्यावर मी खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जाऊन बसले. वय झालेली दोन माणसं तिथल्या दगडी टेबलावर बुद्धिबळ खेळत होती. माझा खरा वाढदिवस मला कळला नव्हता, आणि तो आता कुणालाच कळणार नव्हता. थंडीतला एक दिवस, काजूला मोहर आलेला, एवढंच. मास्तर वाईट नव्हते. त्यांनाही रजिस्टर पुरं करायचं असणार. वरच्या साहेबाची भीती त्यांनाही असणार.

आईचं मी ऐकलं नाही. गुरुवारी सकाळी प्रमुख बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या पासचे कागद त्यांच्या कीबोर्डशेजारीच होते, वर माझा फोटो. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलले नसते.

त्या ऐकत राहिल्या. मग चष्मा काढला. "असं एनीहाऊ, मनाला येईल ते, कसं लिहिलंस तू? तू?"

"लाल चौकोन होते म्हणून."

"लाल चौकोन तर मशीन दाखवतं! मशीनला काय कळतं?" त्यांनी डोकं हलवलं. "किती?"

"चाळीसच्या आसपास."

"कुठले, ते ठाऊक आहे?"

हाच तो प्रश्न होता. मी आधार म्हणून सगळीकडे 'जुनी कार्डं' लिहिलं होतं. खरं मूळ असलेल्या कार्डांवरही तेच होतं. कुठलं खरं आणि कुठलं माझं, ते मशीन सांगू शकत नव्हतं.

"सगळे नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझे पासचे कागद उचलले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. ड्रॉवर बंद झाल्याचा तो आवाज मी विसरणार नाही. "आधी ते शोध. छपाई थांबवते. मग बघू," त्या म्हणाल्या. "आणि त्या मास्तरांना मी सांगणार नाही. तूच सांग."

मास्तरला व्हिडिओ फोन मी दुसऱ्याच दिवशी केला. रात्रभर स्पॅनिश वाक्यं पाठ केली होती, पण पडदा उजळल्यावर एकही आठवेना. साध्या शब्दांत सांगितलं. मुळं मी बनवली. काही खरी आहेत, काही माझ्या डोक्यातली. कुठली कुठली, ते शोधून सांगते.

  मास्तर म्हणाला, "म्हणजे मुलांना सांगू काय? सिंगापूरच्या बाईने थापा मारल्या?"

"हो. तसंच सांगा."

मागून म्हातारीने झोपाळ्यातूनच काहीतरी विचारलं. मास्तर हसायला लागला. "आई विचारते, कशासाठी असं केलंत. भूक लागली होती का?"

"भीती वाटली होती," मी म्हणाले.

त्याने तिला सांगितलं. ती उठून बसली, पहिल्यांदाच कॅमेऱ्याजवळ आली आणि माझ्याकडे निरखून बघितलं. मग पुन्हा काहीतरी बोलली.

"विचारते, कुणाची? आमची?"

मी मान हलवली. नाही, तुमची नाही. कुणाची ते मला सांगता येईना.

"बरं," मास्तर म्हणाला, "आता हे सांगा, 'घाबरणं'च्या कार्डावर मूळ काय लिहिलंय तुम्ही?"

मी मूळ कार्डाचा स्कॅन उघडून बघितला. नशीब, तिथे मी काही लिहिलं नव्हतं. ते मूळच्या अभ्यासकाचं होतं. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "एक तरी वाचलं," आणि हसला. त्याने मला माफ केलं होतं की नाही, ते त्या हसण्यावरून कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी एकेक कार्ड स्कॅनमध्ये मोठं करून पाहिलं. सहाशेच्या सहाशे. मूळ हस्ताक्षर एका बाजूला, माझं टाइप केलेलं दुसऱ्या बाजूला. तिकडे कोरं आणि इकडे भरलेलं, म्हणजे ते माझं. मला अडतीस आठवत होते. निघाले एकेचाळीस. ते जादाचे तीन बघून मी जास्त हादरले, कारण त्यातले दोन मला स्वतःलाच खरे वाटायला लागले होते. कार्ड कोरं आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, तरी मन म्हणत होतं, नाही, हे कुठेतरी वाचलंय.

या सगळ्या दिवसांत ड्रॉवर बंदच होता. बाई कामाचं बोलत, पासचं बोलत नसत, आणि माझी विचारायची छाती होत नव्हती. एका रविवारी मी कपाट उघडून कुठलं सामान नेता येईल आणि कुठलं द्यावं लागेल त्याचे मनाशी दोन भाग केले. मुलीला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, "मम्मा, व्हाय यू नेव्हर ईट?" मी म्हटलं, पोट भरलंय.

एकेचाळीस रकाने मी स्वतःच्या हाताने कोरे केले. प्रत्येक वेळी डिलीट दाबल्यावर लाल चौकोन परत यायचा, आणि दर वेळी माझं बोट क्षणभर थबकायचं. शेवटच्या चौकोनापर्यंत ती भीती गेली नाही. मी तिच्यासकटच डिलीट दाबत गेले.

मास्तरला यादी पाठवली. त्याने उलट निरोप दिला, हे रकाने छापताना काढून टाकू नका, मोठे करा. मुलांना सांगतो, घरी म्हाताऱ्यांना विचारा, सापडलं तर लिहा, नाही सापडलं तर राहू द्या. बाईंना ते पटलं. सॉफ्टवेअरमधून लाल रंग काढून टाकायला त्यांनी मलाच सांगितलं. ते मी एका दुपारी केलं.

त्याच संध्याकाळी ड्रॉवर उघडला. बाईंनी माझ्या समोर सही केली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी ठाऊक नसेल तर सांग, ठाऊक नाही. मी चावते का?"

पुस्तक छापून झालं आणि नदीवरच्या त्या शाळेत पोचलं. त्यात एकेचाळीस रकाने कोरे आहेत. माझा पास वाढला, आणि मुलगी त्याच शाळेत आता तिसरीत आहे.